सोळा जणांचा नाश्ता

या ग्रुपवर मी तीन वर्षं नुसता वाचायला येतो. लिहितोय पहिल्यांदाच. शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या तर सांभाळून घ्या... नववीत शाळा सुटली, आणि मराठी लिहायची सवयही तेव्हाच सुटली.

आधी एक सांगतो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पंधराव्या वर्षी मी महाबळेश्वरला एका हॉटेलात भांडी घासायला लागलो, तिथंच पुढे स्वयंपाकी झालो. "वरच्या मजल्यावर बाई दिसते" असली भुतं गिऱ्हाइकांच्या गळी उतरवायचं काम आम्हा पोरांचंच असायचं. दोन भुतं तर मी स्वतः तयार केलेली आहेत. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, तृप्त होऊन गेले. मी मनात म्हटलं, कावळा उपाशी असेल.

तर असा मी. आता जे झालं ते जसं झालं तसं सांगतो.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एनिसहून बसने तासाभरावर, एक समुद्रकाठचं गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून आहेत. एके काळी उन्हाळ्यात इथं पाय ठेवायला जागा नसायची म्हणे. लिमरिकहून, पार बेलफास्टहून कुटुंबंच्या कुटुंबं पंधरा-पंधरा दिवस राहायला यायची. दर वर्षी त्याच तारखा, तेच घर, तीच खोली. आता समुद्रासमोरच्या रस्त्यावर चाललात तर दर दुसरं दार बंद. पोरांच्या खेळांच्या हॉलला शटर, टक्कर मारायच्या गाड्या ताडपत्रीखाली. डान्स हॉलमध्ये आधी गालिच्यांचं दुकान आलं, मग तेही गेलं. लोक विमानात बसून उन्हाच्या देशात जातात. इथं जुलैतसुद्धा जॅकेट लागतं. पावसाळ्यात महाबळेश्वरचा बाजार उठतो ना, तसं हे गाव दिसतं. फरक एवढाच, की इथला पावसाळा संपत नाही.

त्या रस्त्याच्या टोकाला ब्रीडा नावाच्या बाईंचं गेस्टहाऊस होतं. अकरा खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणाला कमरेएवढी दगडी भिंत, आणि भिंतीपलीकडे समुद्र.

मी आयर्लंडला आलो ते एका इंडियन रेस्टॉरंटच्या परमिटवर. ते आठ महिन्यांत बंद पडलं. हातात बॅग, घरी कराडजवळच्या गावात बायको सुरेखा आणि मुलगी, आणि परमिट म्हणजे काय ते मला नीट वाचताही येत नव्हतं. तेव्हा या बाईंनी मला ठेवून घेतलं. ऐंशीच्या पुढचं वय, पण माझे कागद घेऊन स्वतः ऑफिसांत फिरल्या. शिक्षणाच्या रकान्यात मी "नववी" लिहिलं तेव्हा लाजलो होतो. त्या म्हणाल्या, "मी तर सातवीतच सोडली, डिग. आपण दोघं मिळून सोळावी झालो." माझं नाव दिगंबर. त्यांच्या तोंडात ते अर्धंच बसायचं.

मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या चिडायच्या. रोज सकाळी पाटीवर मेन्यू माझ्याकडून लिहून घ्यायच्या — स्पेलिंग चुकलं की पुसायला लावायच्या. माझं इंग्रजी आहे ते त्या पाटीचं. त्या बाईंचं मी किती देणं लागतो ते इथं मांडता येणार नाही.

या वर्षी जानेवारीत त्यांची छाती धरली, श्वास लागायला लागला. मुलगा कोलम डब्लिनजवळ ब्लँचर्डस्टाउनला असतो, पन्नाशीचा, कंप्युटरच्या कंपनीत. त्याने त्यांना एनिसजवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. आणि मला फोन करून सांगितलं, की या सीझनला घर उघडायचं नाही. छप्पर गळतंय, बुकिंग एकही नाही, घर विकणार. मी तोपर्यंत राखण करायची. नंतर पोर्टलीशला एका कँटीनमध्ये माझं काम होण्यासारखं होतं, त्यासाठी जुन्या मालकाचं पत्र लागत होतं. ते पत्र कोलम देणार होता.

"पण मॅमला काही सांगू नकोस," तो म्हणाला. इकडे आईला मॅम म्हणतात, आणि छान चाललंय म्हणजे ग्रँड. "विचारलं तर म्हण, सगळं ग्रँड आहे."

मी मंगळवारी आणि शुक्रवारी बसने जायचो. पहिल्याच वेळी त्यांनी विचारलं, ऑगस्टला नेहमीचे चौघे हॅनलन येतायत ना? मी म्हणालो, ग्रँड, येतायत. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी हॉटेलातला माणूस. महाबळेश्वरला मॅनेजरने आम्हाला पहिली गोष्ट शिकवली होती ती ही, की फोनवर कधीही "खाली आहे" म्हणायचं नाही. निम्मं हॉटेल ओस पडलेलं असलं तरी "एकच रूम राहिलीय साहेब" म्हणायचं. ती जीभ मला लागलेली. ब्रीडांनी विचारलं, कुठल्या खोलीत घातलंस त्यांना? मी म्हणालो, चारमध्ये.

"चारची खिडकी अडकते. सातमध्ये घाल."

"घालतो मॅडम."

मग पुढच्या वेळी टिअर्नी बहिणी, तीन नंबरमध्ये. त्यांना जास्तीचं ब्लँकेट द्यायचं, धाकटीला थंडी सोसत नाही. मग पाचमध्ये बेलफास्टचं जोडपं, आठमध्ये आणखी चौघांचं कुटुंब. त्यांनी एकेकाचं नाव काढायचं आणि मी त्यांना खोली द्यायची. ही माणसं खरी होती, पण कोणी येणं थांबवून दहा वर्षं झाली होती, कोणी मेलंही असेल. मला काय ठाऊक. मला एवढंच दिसत होतं, की त्या उठून बसतायत, सूप संपवतायत. नर्स म्हणाली, तू आलास की यांचा चेहरा बदलतो. मला बरं वाटायचं. वाटायचं, एवढं तरी फेडतोय.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी त्या जरा गप्प होत्या. म्हणून मी... जाऊ दे, ते पुढे येईलच. पण त्या दिवशी मी सगळ्यात मोठी थाप मारली आणि त्या इतक्या खुश झाल्या, की माझा हात धरून बसल्या.

गुरुवारी पहाटे त्या उठल्या, कपडे घातले, बटणं लावली, आणि एकट्याच निघाल्या. जिन्यापाशी पडल्या. नर्सिंग होमची चूक नव्हती, नर्स शेजारच्या खोलीत होती. खुबा मोडला. रविवारी गेल्या.

अंत्यविधीच्या दिवशी कोलम मला म्हणाला, "शेवटी डोकं फिरलं होतं तिचं. नर्सला म्हणत होती, मला सोड, सोळा जणांचा नाश्ता करायचाय. कुठले सोळा?"

मी मान खाली घातली. सोळा हा आकडा माझा होता. मी सांगितलेल्या खोल्यांची बेरीज. मी बोललो नाही. पत्र अडेल म्हणून बोललो नाही, आणि भीती वाटली म्हणूनही.

कोलम डब्लिनला परतला. मी घरात एकटा.

बुधवारी सकाळी मी वरच्या पॅसेजमधली गळतीची बादली ओतायला गेलो. सात नंबरचं दार उघडं होतं. आत बेड घातलेले होते. ऑक्टोबरमध्ये मीच सगळ्या गाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या होत्या. आता चारही बेडवर स्वच्छ चादरी, ब्लँकेटचा एक कोपरा तिरका दुमडलेला, उशीवर टॉवेल. ब्रीडा तो कोपरा जसा दुमडायच्या अगदी तसा — मला तो तीन वर्षांत जमला नव्हता.

शेजारपाजारच्या बायकांनी केलं असेल म्हणून मी मनाची समजूत घातली. पण चाव्या माझ्याकडे होत्या.

गुरुवारी तीन नंबर. दोन बेड, आणि खिडकीकडच्या बेडवर जास्तीचं ब्लँकेट.

तिथं ती समजूत संपली. कारण ते ब्लँकेट या जगात दोनच माणसांना ठाऊक होतं, आणि त्यातलं एक मातीत होतं. म्हटलं, मीच झोपेत करतोय की काय? त्या दिवशी सगळ्या खोल्यांना कुलपं लावली आणि चाव्यांचा जुडगा पिठाच्या डब्यात तळाला खुपसला. वरून पीठ सपाट करून त्यावर बोटाने फुली काढली. शुक्रवारी सकाळी फुली तशीच. जुडगा तसाच तळाला. आणि पाच नंबरमध्ये बेड घातलेले. शनिवारी आठ.

आणखी एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. अंगण शांत झालं होतं. ज्यांनी इकडचे सीगल पाहिलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. बदकाएवढा पक्षी, माणसाच्या हातातले चिप्स ओढून नेतो. आमच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडं राहिलं तर दोन मिनिटांत सडा. एरवी भिंतीवर पंधरा-वीस बसलेलेच असायचे. त्या आठवड्यात एक नाही. धुराड्यातले कावळेही नाहीत. शेजारच्या घराच्या छपरावर मात्र सगळे बसलेले... आमच्याकडे बघत.

सुरेखाला मी फोनवर सगळं सांगितलं नाही, ती घाबरली असती. पण तिनंच विचारलं, "अहो, त्या बाईंचं दहाव्याचं काय केलंत?"

मी म्हणालो, अगं त्या ख्रिश्चन, त्यांचं त्यांच्या पद्धतीनं झालं.

"त्यांचं झालं. तुमचं काय? त्यांच्या घरचं अन्न खाल्लंत तुम्ही. त्यांना आवडायचं ते करा आणि ठेवा बाहेर. मंत्र राहू द्यात."

मंगळवारी सकाळी नऊला मी त्यांच्या आवडीचं ताट केलं. पिंड नाही, भात नाही. डुकराच्या मांसाचे तळलेले पातळ काप, ज्याला इकडे रॅशर म्हणतात ते, एक अंडं, घरचा ब्राउन ब्रेड, लोणी. भिंतीवर ठेवलं, हात जोडले आणि मागे सरलो. एरवी माझी पाठ वळायच्या आत ताट रिकामं झालं असतं.

काही नाही. शेजारच्या छपरावर तीसेक सीगल असतील. एकही हलला नाही. अंड्यावर साय धरली.

आपल्याकडे अशा वेळी नातेवाईक पुढे होऊन बोलतात ना, की काळजी करू नका, पोरीचं लग्न करू, भावाला सांभाळू... तसं मी बोलायला लागलो. मराठीतच. घराची काळजी घेतो मॅडम. कोलमला विचारत राहीन. तुमच्या थडग्यावर फुलं नेईन. वारा सुटला होता आणि रॅशरच्या कडा वाळत होत्या. मी तिथं तासभर तरी उभा असेन.

तेवढ्यात पुढून गाडीचा आवाज आला. कोलम. घर बघायला येणाऱ्या माणसासाठी तो दुपारची तयारी करायला आला होता. मी आत जाईपर्यंत तो वर जाऊनही आला होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता.

"कोण राहतंय इथे?"

"कोणी नाही."

"पुढच्या खिडकीत 'खोल्या शिल्लक नाहीत'ची पाटी लावलीय. पाच खोल्यांत बेड तयार आहेत. आई जाऊन दहा दिवस नाही झाले, डिग, आणि तू तिचं घर भाड्याने देतोयस?"

पाच? मी चारच मोजल्या होत्या. आणि पाटी मी लावली नव्हती. मी म्हणालो, मी नाही केलं. तो म्हणाला, मग कोणी केलं? आणि पत्राचं विसर, असंही म्हणाला. आवाज न चढवता.

मी त्याला मागच्या अंगणात नेलं. का नेलं मला सांगता येणार नाही. आत त्या खोल्यांखाली उभं राहून मला ते बोलता आलं नसतं. त्याने भिंतीवरचं ताट पाहिलं, छपरावरचे सीगल पाहिले, आणि तो या गावात वाढलेला असल्यामुळे त्याला ते लगेच कळलं. "ते खात का नाहीयेत?" तो म्हणाला. एकदम हळू.

आपल्याकडे काय मानतात ते मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. आणि सांगता सांगता माझ्या डोक्यात ते बसलं. माझ्या देखत, शेवटचा पाहुणा घराबाहेर पडेपर्यंत ही बाई कधी खुर्चीला टेकली नव्हती. मी तिचं घर सोळा माणसांनी भरून ठेवलं होतं. ती जाणार कशी?

मग मी ताटाकडे तोंड करून बोललो. या वेळी इंग्रजीत, तिनंच शिकवलेल्या.

"मॅडम, मी खोटं बोललो. हॅनलन येणार नाहीत. टिअर्नी बहिणी येणार नाहीत. पाचमध्ये कोणी नाही, आठमध्ये कोणी नाही. एकही बुकिंग आलं नव्हतं. घर बंद आहे. मीच सांगितलं म्हणून तुम्ही त्या दिवशी उठलात. माझ्यामुळे पडलात."

कोलम माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

छपरावरून चार-पाच सीगल उठले. भिंतीवर येऊन बसले, ताटापासून हातभर अंतरावर. माना वाकड्या करून ताटाकडे बघत राहिले. पण चोच कोणी लावली नाही.

कोलम बोटांवर मोजत म्हणाला, "तू म्हणालास ते चार झाले. वर पाच आहेत. एक नंबरमध्येही बेड आहेत. एक मोठा आणि दोन छोटे. तिथं कोणाला घातलं होतंस?"

एक नंबर ही समुद्राकडची सगळ्यात चांगली खोली. ती आम्ही कधीच कोणाला द्यायचो नाही.

मी म्हणालो, "तुम्हाला."

त्याने मान वर करून एक नंबरच्या खिडकीकडे पाहिलं.

"शेवटच्या मंगळवारी त्या गप्प होत्या. मी सांगितलं, कोलम येतोय. बायकोला, पोरांना घेऊन. ऑगस्टचे पंधरा दिवस."

मला वाटलं तो मारेल. त्याने दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि खाली समुद्राकडे बघत उभा राहिला. जानेवारीपासून तो आईला किती वेळा भेटायला आला होता ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्याला. मग तो ताटाकडे वळला. पन्नास वर्षांचा माणूस, पण आवाज पोराचा आला.

"मॅम, मी येणार नव्हतो," तो म्हणाला. "ऑगस्टची पोर्तुगालची तिकिटं काढलीयत. ख्रिसमसलाच काढली होती. मला तुला सांगायचं धैर्य झालं नाही."

त्याचं वाक्य पुरतं संपलंही नसेल. जवळच्या सीगलने एक पाऊल टाकलं आणि रॅशर उचलला. मग छपरावरचे सगळे एकदम आले, अंगावरून पंख फडफडवत. भांडाभांडी, किंचाळणं, ताट खाली पडून फुटलं. आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून डोकी झाकून उभे. पाऊण मिनिटात ब्रेडचा कणही राहिला नाही.

नंतर आम्ही वर गेलो. बेड होते तसेच होते, कोपरे दुमडलेले. कोलम एक नंबरमधल्या छोट्या बेडवर बराच वेळ बसला. मग उठून स्वतः चादरी काढायला लागला. मी मदतीला गेलो तर हाताने थांबवलं. ती खोली त्याने एकट्याने आवरली. बाकीच्या चार मी. परत कधी काही दिसलं नाही, आणि मी पुढचे तीन आठवडे तिथंच झोपत होतो.

पत्र त्याने त्याच दिवशी किचनच्या टेबलावर लिहिलं. चांगलं लिहिलं, माझ्या लायकीपेक्षा चांगलं. माझ्या हातात देताना एकच बोलला, "मी तुला फक्त ग्रँड म्हणायला सांगितलं होतं." त्यात राग होता की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्यानंतर त्याचा फोन नाही.

आता मी पोर्टलीशला आहे. काम बरं आहे, सुरेखाचे आणि मुलीचे कागद सुरू आहेत. घर पाडलं असं ऐकलं. कमेंटमध्ये कोणी म्हणेल, झोपेत तूच केलंस सगळं. असेल. पिठावरची फुली कशी राहिली आणि एक नंबर मी कधी उघडला ते सांगा, मी ऐकून घेईन. कोणी म्हणेल, सीगलचं काय, पक्षीच ते. तेही असेल.

आणि खरं म्हणजे तो प्रश्न मला छळतही नाही. दुसराच छळतो. सुरेखा म्हणते, खरं सांगितलंत म्हणून बाई सुटल्या. गावाकडे सगळे हेच म्हणतील. पण मी तिथं उभा होतो. आम्ही दोघांनी त्या म्हाताऱ्या बाईला एकामागून एक सांगितलं, की हे येणार नाहीत, तेही येणार नाहीत, तुझा मुलगाही येणार नव्हता. मग ती गेली. तिला आम्ही मोकळं केलं, की तिच्याच घरातून बाहेर काढलं... हे मला अजून कळलेलं नाही.